युवराजाची पाठ

तो चौदा वर्षांचा होता आणि मीही चौदा वर्षांची होते. तो पाच विझलेल्या ग्रहांचा युवराज आणि मी नववी ब मधली, पुढच्या बाकावर बसून सतत मागं बघणारी. एवढा फरक सोडला तर आम्ही दोघं एकाच मातीचे. नाकावर राग, अंगात रग, आणि कुणी ‘हे तुला जमायचं नाही’ म्हटलं की तेच करून दाखवायची खुमखुमी. त्याला जन्माला मीच घातलं होतं, तेव्हा त्याच्या खोडी माझ्याच असणार.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. आमचं गाव दहिवडी आणि आटपाडीच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात. पाणी जेमतेम, आभाळ मात्र हवं तेवढं. गावात शाळा एक आणि तालीम एक, आणि गावाचा जीव कुठं जास्त होता ते विचारू नका. त्या तालमीचे वस्ताद म्हणजे माझे वडील. फौजेत कुस्त्या मारून, पेन्शन घेऊन परतलेले. मी त्यांना आबा म्हणायची. आबा समोरच्या माणसाकडं बघायचे ते पैलवान म्हणूनच. लग्नाला गेले तरी नवरदेवाचा डावा पाय कच्चा आहे हे त्यांना आधी दिसायचं, मग अक्षता.

त्या वर्षी शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्या, सांगलीच्या. सांगलीचं माणूस आणि नाटकाशिवाय राहील, हे होणे नाही. स्नेहसंमेलनात दरवर्षी तोच दारुड्या आणि तीच त्याची रडणारी बायको बघून बाई वैतागल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, या खेपेला अंतराळातलं नाटक करू. ग्रह, तारे, राजे, लढाया, सगळं. गोष्ट कोण रचेल? माझा हात माझ्या आधी वर गेला.

आणि बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे माझी झोप उडाली. संमेलनात नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट झालं, तर त्या ते सांगलीच्या बालनाट्य स्पर्धेला नेणार होत्या. खरं नाट्यगृह. खरा पडदा. आम्ही बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावून सोडलेले किरण जिथं अंधारात खरोखर दिसतील असा रंगमंच. मला तिथं जायचं होतं. त्या वयात मला दुसरं काही एवढं हवं झालेलं आठवत नाही. पण परगावी मुक्काम म्हणजे आबांची परवानगी, आणि आबांचं उत्तर ठरलेलं: “आदी बगतो, मग सांगतो.”

माझ्या गोष्टीत प्रत्येक ग्रहाला त्याचा स्वतःचा दिवा होता आणि युवराज ते दिवे पिऊन टाकायचा. नुसता डोळे रोखून बघायचा की ग्रह काळाठिक्कर. ही कल्पना सुचायला मला कुठं लांब जावं लागलं नाही, आमच्याकडं संध्याकाळ झाली की लाईट जायचीच. बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली आणि म्हणाल्या, एका बाजूला त्याचं बळ लिही, दुसऱ्या बाजूला कमजोरी. बळाची बाजू मी खडू मोडेस्तोवर भरली. तो उजेड पितो. त्याला झोप लागत नाही. एका ग्रहावरून दुसऱ्यावर उडी मारतो. शत्रूचा डाव एकदा बघितला की कायमचा ध्यानात ठेवतो. त्यानं शड्डू ठोकला की ग्रहाला चीर जाते. दुसरी बाजू कोरीच राहिली.

“कमजोरी नसेल तर तो हरणार कसा?” बाई म्हणाल्या.

“मग नको हरायला,” मी म्हटलं.

“आणि नाटक संपणार कसं?”

म्हणून मी रात्रीच्या जेवणाला आबांना गाठलं.

“आबा, एक पैलवान हाय.”

“कुटला?”

“लांबचा.”

“वय?”

“चौदा.”

“वजन?”

इथं मी अडकले. “वजन न्हाई. तिकडं सगळीच तरंगत्यात.”

आबांच्या हातातला घास हातातच राहिला. “वजनच न्हाई, तर धरायचं काय आन् उचलायचं काय?” पण त्यांचं कुतूहल जागं झालं होतं. “बरं. राग येतोय का त्येला?”

“लय येतोय.”

“मग झालं की. रागावल्याला पैलवान नुसत्या हातानं खेळतोय, पाय इसरतोय. त्येला चिडवायचं, बास. आपसूक आडवा हुतोय.” मग कालवणात भाकरी बुडवत त्यांनी विचारलं, “गाव कुटलं म्हनलीस?”

“शनीच्या पलीकडं.”

आईला ठसका लागला. आबा शांतपणे म्हणाले, “तिकडच्या मैदानाला मी कवा गेलो न्हाई.”

दुसऱ्या दिवशी फळ्याची कोरी बाजू मी एका शब्दानं भरली. राग. बाई खूष झाल्या. आता फक्त युवराज कोण होणार एवढंच ठरायचं होतं, आणि तिथंच गाडं अडलं.

बाईंना वाटलं होतं, अशा झकास भूमिकेसाठी पोरांच्या उड्या पडतील. एकानंही हात वर केला नाही. वर्गातली निम्मी पोरं तालमीत जाणारी. त्यांतलं एक धिप्पाड पोरगं शेवटी उभं राहिलं आणि खाली बघत म्हणालं, “बाई, हरायचं आसंल तर नगं. आमचा आज्जा बगाया येनार हाय.” दुसरा म्हणाला, “मला तर मैदान हाय फुडच्या महिन्यात. आत्ता पडलो तर जोडीला कोन घ्यील?” बाई समजावत राहिल्या की हे नाटक आहे, खोटं आहे. पोरं मान हलवत राहिली. चारचौघांत पडलेला तो पडलेला, मग तो शनीवर का पडेना. मला त्यांचं म्हणणं पुरतं पटत होतं, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी पडली तर कुणाच्या आज्ज्याला काय त्याचं?

“मी लिवलाय, मीच करीन,” मी म्हटलं.

हेडसरांनी एक अट घातली: पोरगा-पोरगी म्हटल्यावर झोंबाझोंबी नको, एकमेकांना हात लावायचा नाही. म्हणून लढाई लांबूनच किरणांची झाली. दहावीतलं एक गोरंगोमटं पोरगं नायक. तेही तालमीतलंच, पण त्याला जिंकायचं होतं, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती. पाचवीची पोरं विझलेले ग्रह. युवराजानं उजेड प्यायला की त्यांनी काळ्या घोंगड्या पांघरून निपचित पडायचं आणि तो हरला की उठून चमकायचं. मला धनगराचं एक भलंमोठं घोंगडं मिळालं, खांद्यावरून जमिनीपर्यंत लोळणारं. आईनं आबांचे फौजेतले काळे बूट गुपचूप काढून दिले, पुढं चिंध्या कोंबून. आरशात बघितलं तेव्हा माझीच मला भीती वाटली आणि मी आनंदानं जागच्या जागी नाचले.

संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही म्हणून संमेलन दुपारी ठेवलं. म्हणजे अंतराळ भर उन्हात. मागं काळं कापड, त्यावर चमकीच्या चांदण्या, आणि डोक्यावर असलं ऊन की चांदण्या बघताना डोळे मिटावे लागत होते. बॅटरीचे लाल किरण कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. ते ऐकू तरी यावेत म्हणून बाईंनी गावचा हलगीवाला बोलावला होता. त्याला समजावून सांगितलं: ग्रह विझला की एक टोला, लढाई लागली की जोरात वाजवा. म्हातारा मान डोलावून म्हणाला, “लढाईचं मला सांगू नगा. जलम गेला.”

आख्खं गाव आलं होतं. आबा पहिल्या रांगेत, हेडसरांच्या शेजारी, खुर्चीच्या कडेवर ताठ. मी घोंगडं फलकारत रंगमंचावर आले, पाय रोवले आणि मांडीवर शड्डू ठोकला. पोरीनं गावासमोर शड्डू ठोकलेला तोवर कुणी बघितला नव्हता. मग बायकांच्या बाजूनं एक हसण्याची लाट आली आणि पाठोपाठ शिट्ट्या. त्यानंतर मी काय काय केलं, मलाच धड आठवत नाही. मी ग्रहामागून ग्रह विझवले, पाचवीची पोरं धपाधप आडवी झाली, आणि नायकाच्या बाजूच्या म्हाताऱ्या राजाला मी असं काही दरडावलं की तो आपलं वाक्य विसरून खरोखरच पळून गेला. लोक खूष.

शेवटची लढाई लागली. ठरल्याप्रमाणं नायकानं मला चिडवायला सुरुवात केली आणि ठरल्याप्रमाणं मी चिडले. हलगी कडाडली. पण म्हाताऱ्याला लढाईची एकच चाल येत होती, कुस्तीच्या मैदानाची. ती चाल सुरू झाली आणि गावाचं नाटक बघणं थांबलं. मागची माणसं पुढं सरकली, पुढची उकिडवी बसली, कुणी फेटा सावरला. बघता बघता रंगमंचाभोवती कडं झालं. मी रागानं धावले, आबांचा बूट आबांच्याच सांगण्याप्रमाणं पाय विसरला, नायकानं किरण सोडला आणि मी पडले.

पडले, पण पालथी. उभा जन्म घरात ऐकत आले होते: पडायची येळ आली तर पोटावर पड, कोपरं आवळ, पाठ आभाळाला दाव; ती भुईला लागली की कुस्ती गेली. अंगानं तेच केलं. मला विचारलंही नाही.

“युवराज, तुझा अंधार संपला,” नायक गरजला.

“पाट लागली न्हाई,” कडेवरून एक म्हातारा म्हणाला.

मग दुसरा म्हणाला, मग पंधरावीस, मग सगळं गाव. पाट लागली न्हाई, पाट लागली न्हाई. विंगेतून बाई पडदा ओढायच्या खुणा करत होत्या, आणि पडद्याच्या दोरीजवळचं पोरगं त्यांना पटवून देत होतं की कुस्ती अजून निकाली झालेली नाही. नायकानं वाकून माझ्याकडं बघितलं. तोही तालमीतला, बिचारा. हळूच म्हणाला, “व्हय की गं. न्हाईच लागली.”

हलगी थांबली. कुणीतरी म्हणालं, “वस्ताद, तुमी सांगा.”

कोपराखालून मला आबांच्या वहाणा दिसल्या. ते उठून पुढं आले होते. ‘लागली’ एवढा एक शब्द ते बोलले असते तर पडदा पडला असता, नाटक नीट संपलं असतं आणि सांगली माझी झाली असती. पण आबांनी कुणासाठीही खोटा निकाल दिल्याचं गावाला माहीत नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं, सरळ झाले आणि म्हणाले, “न्हाई लागली. चालू द्या.”

काय आरोळी उठली. मी उठले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. सगळं गाव युवराजाच्या बाजूचं झालं होतं. बायका “सोडू नगंस पोरी” म्हणत होत्या. हलगी पुन्हा सुरू झाली आणि आम्ही एकमेकांभोवती फिरू लागलो. हात लावायचा नाही ही अट अजून दोघांनाही आठवत होती, पण पुढचं एकही वाक्य दोघांपैकी कुणाला माहीत नव्हतं, कारण पुढं वाक्यंच नव्हती. नायक किरण सोडायचा, मी चुकवायची. मी शड्डू ठोकायची, तो एक पाऊल मागं जायचा. मला कळलं, तो घाबरलाय. अजून दोन पावलं आणि तो रंगमंचावरून मागच्या मागं खाली जाणार होता. मी त्याला पाडू शकत होते, बोटही न लावता. मला ते इतकं करावंसं वाटत होतं की हात शड्डूसाठी मांडीवर गेलासुद्धा.

तेवढ्यात पायाशी घोंगडं हललं. आतून पाचवीतल्या एका पोरीनं तोंड बाहेर काढलं, लालबुंद, घामानं थबथबलेलं. “ताई, उटू का?”

मी इकडंतिकडं बघितलं. पाचही ग्रह उन्हात, काळ्या घोंगड्यांखाली, शिस्तीत मेल्यासारखे पडले होते. युवराज हरल्याशिवाय उठायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, आणि युवराज हरत नव्हता. विंगेत बाईंनी ओठ दातांखाली धरला होता. मला भयंकर राग आला. त्या पोरीचा, बाईंचा, गावाचा, आणि सगळ्यात जास्त फळ्याच्या त्या कोऱ्या बाजूला शब्द भरणाऱ्या माझा स्वतःचा. आता जिंकले तर सगळं गाव माझं आणि सांगली गेली. हरले तर आबांसमोर, कुणी हात न लावता.

“घ्या तुमचा उजेड,” मी म्हटलं आणि खाली बसले.

बसणं सोपं होतं. मग मी एक कोपर टेकवलं, मग दुसरं. डावा खांदा टेकला. उजवा जाईना. तुम्हाला सांगते, आयुष्यात पुढं मी बरीच अवघड कामं केली, पण तो उजवा खांदा खाली न्यायला जेवढं बळ लागलं तेवढं कशालाच लागलं नाही. शेवटी मी डोकं मागं टाकलं, ते फळीवर ठाणकन आपटलं, आणि खांदा टेकला. वर नुसतं पांढरं ऊन. कुणीच दिसेना.

“लागली,” आबांचा आवाज आला.

पाचवीची पोरं घोंगड्या भिरकावून अशी उठली की त्यांना चमकायचं नाटक करावंच लागलं नाही. पडदा पडला. टाळ्या झाल्या, पण मागून एक आवाजही आला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा: “नुरा हाय, नुरा.” आधीच ठरवून हरलेल्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात, आणि पैलवानाच्या घरात त्याहून वाईट शिवी नाही. वस्तादाची पोरगी नुरा खेळली. बाई मला मिठी मारत होत्या, नाटक संपलं, नीट संपलं, म्हणत होत्या, आणि माझं सगळं लक्ष पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडं होतं.

जेवताना आबा खाली बघून भाकरी मोडत होते. आईच शेवटी म्हणाली, “आवं, नाटक हुतं ते.”

“मला ठावं हाय,” आबा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, “का टेकलीस?”

“ती बारकी पोरं उनात निजली हुती, आबा.”

त्यांनी हात धुतला आणि उठून गेले. सांगलीचं नावही निघालं नाही. मी विचारलं नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की ते मला नुरा समजतात.

सकाळी मी दात घासत होते तेव्हा आबांनी परसात हाक मारली. गोठ्याच्या शेजारची जागा त्यांनी झाडून काढली होती.

“डोस्कं दुकतंय का?”

“जरा.”

“दुकनारच. पडलीस ती लय वंगाळ पडलीस. मान आदी टेकवलीस. हितं निदान फळ्या ढिल्या हुत्या, सांगलीला घट आसत्यात.” त्यांनी बोटानं माझी हनुवटी खाली दाबली. “ही छातीला लावायची. पाट गोल. हात बाजूला आपटायचं, म्हंजी सगळा मार हात घेत्यात. पड.”

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. सांगलीला. ते सांगलीला म्हणाले होते. मी पडले. अंग ऐन वेळी वळलं आणि मी कुशीवर आले.

“फिरसे.”

पुन्हा वळले. पुन्हा वळले. रस्त्यानं दूध घेऊन निघालेला शेजारी कुंपणापाशी थांबला आणि बघू लागला. मला वाटलं, आता आबा हे थांबवतील. वस्ताद पोरीला पाठ टेकवायला शिकवतोय, ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली असती.

आबांनी शेजाऱ्याकडं बघितलं. डोक्याची टोपी काढून गव्हाणीवर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि म्हणाले, “नीट बग.” आणि निजतानासुद्धा कुशीवर निजणारे माझे आबा सरळ मागं गेले. दोन्ही हात जमिनीवर आपटले, धूळ उडाली. दोन्ही खांदे टेकलेले, तोंड आभाळाकडं. त्यांची पाठ जमिनीला लागलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

“असं,” ते खालूनच म्हणाले. “आता तू.”